आजोबांचा राग आणि शेजाऱ्याची भीती

नांदेड-लातूरकडच्या घरांत गेल्या दोन-तीन वर्षांत जेवढ्या वंशावळी कागदावर उतरल्या, तेवढ्या त्याआधी क्वचितच उतरल्या असतील. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि अभिलेख कक्षांतली खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, कोतवाल बुकं बाहेर निघाली. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय आला आणि ही धावपळ आणखी वाढली. मोडी आणि जुनी उर्दू वाचणाऱ्यांना दारोदारचं बोलावणं येऊ लागलं. पणजोबांच्या पलीकडचं नाव ठाऊक नसलेल्या घरांच्या हाती पाच-सहा पिढ्यांची नावं आली.

कागद निघाला जातीच्या दाखल्यासाठी. पण एकदा तो घरात आला की माणसं त्यात दुसरंही काही शोधू लागतात. पणजोबा तापट, आजोबा तापट, बाप तापट. मग पोरगा थंड कसा निघेल? दर पिढीत एकजण घर सोडून जातो, हे कशाचं लक्षण? या प्रश्नांना आपल्याकडे एक जुनं उत्तर तयार आहे, पितृदोषाचं. त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी केला की पूर्वजांचं अडलेलं मोकळं होतं, ही श्रद्धा मराठवाड्यात घरोघरी आहे. आता त्याच्या जोडीला नवं उत्तर आलं आहे. जर्मनीच्या बर्ट हेलिंगर यांच्या पद्धतीच्या कार्यशाळा पुण्या-मुंबईत होतात. ‘जनरेशनल ट्रॉमा’ हा शब्द कॉलेजातल्या मुलांच्याही तोंडी असतो. एक उत्तर संस्कृतातून बोलतं, दुसरं इंग्रजीतून, पण दोघांचं म्हणणं एकच आहे. मेलेल्या माणसाचं न संपलेलं दुःख रक्तातून खाली उतरतं, आणि वंशावळ हा त्याचा नकाशा आहे.

वंशावळ हे स्वतःचं घर समजून घेण्याचं फार चांगलं साधन आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिचं हे वाचन मात्र चुकीचं आहे, आणि आपल्या भागापुरतं तर ते दुप्पट चुकीचं आहे, असं मला ठामपणे म्हणायचं आहे.

खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायला हवा. तो दुबळा नाही. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी गेल्या शतकाच्या मध्यात दाखवून दिलं की रुग्णाला एकटं पाहून भागत नाही. तीन पिढ्यांचं कुटुंब समोर मांडलं की भांडणाचे, दुराव्याचे, एकमेकांत गुंतून बसण्याचे तेच ते साचे दिसतात. पुढे मोनिका मॅकगोल्ड्रिक आणि रँडी गर्सन यांनी १९८५ मध्ये अशा नकाशाची, म्हणजे जेनोग्रामची, चिन्हं आणि रीत पुस्तकरूपाने पक्की केली. जीवशास्त्राचीही साक्ष काढली जाते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. त्या काळात पोटात असलेल्या मुलांना मोठेपणी हृदयविकार, मधुमेह आणि काही मनोविकारही जास्त झाले. उत्तर स्वीडनमधल्या ओव्हरकालिक्स परगण्यातल्या जुन्या पीकनोंदी आणि तिथल्या नातवंडांचे मृत्यू ताडून पाहिले, तेव्हा आजोबांच्या लहानपणच्या सुगीचा नातवांच्या आयुर्मानाशी संबंध दिसला. रेचल येहुदा यांनी हिटलरच्या छळातून वाचलेल्या ज्यूंच्या आणि त्यांच्या मुलांच्या रक्तात एका जनुकावरच्या रासायनिक खुणा तपासल्या, आणि दोन्ही पिढ्यांत फरक सापडला. या सगळ्यावर घरातला अनुभव शिक्कामोर्तब करतो. ‘अगदी आजोबांवर गेलाय’ हे वाक्य कोणत्या घरात ऐकू येत नाही?

आता यातलं एकेक तपासू.

येहुदांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास ३२ माणसांचा आणि त्यांच्या २२ मुलांचा होता. एवढ्या लहान गटावरून साऱ्या मानवजातीबद्दल बोलणं धाडसाचं आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट कार्यशाळांत सांगितली जात नाही. त्या जनुकावरची खूण आईबापांत वाढलेली होती आणि मुलांत घटलेली. वारसा म्हणावा तर तो उलट्या दिशेचा निघाला. शिवाय ही मुलं त्याच आईबापांच्या घरात वाढलेली होती. रक्तातून काय आलं आणि घरातून काय आलं, हे त्यांच्यात वेगळं कसं काढणार? ओव्हरकालिक्सच्या नोंदी मृत्यूबद्दल आणि शरीराच्या आजारांबद्दल बोलतात. आजोबांचा राग, आजीचं झुरणं यांबद्दल त्या एक अक्षर बोलत नाहीत.

हॉलंडच्या दुष्काळाचा दाखला तर पूर्वपक्षावरच उलटतो. बाई गरोदरपणी उपाशी राहिली की तिच्यासोबत पोटातलं मूल उपाशी राहतं. ते मूल मुलगी असेल तर तिच्या शरीरात तेव्हाच तयार होणारी बीजंही त्या उपासमारीतून जातात. म्हणजे आजी, आई आणि नात अशा तिघींनी तो दुष्काळ प्रत्यक्ष सोसलेला असतो. वारशाने आलं असं म्हणायचं तर चौथ्या पिढीत ते दाखवावं लागेल, आणि माणसांत तसा पक्का पुरावा नाही. शिवाय गर्भधारणेच्या सुमारास अशा बहुतेक खुणा पुसल्या जातात. आणि हे सारं घडतं बाईच्या पोटात. तिच्याशिवाय या शास्त्राला आरंभच नाही.

आपल्या वंशावळीत मात्र ती बाईच नाही.

दाखल्यासाठी केलेली वंशावळ डोळ्यांसमोर आणा. वर एक नाव, त्याखाली रेघ, रेघेखाली तीन मुलगे. दोघांच्या नावापुढे कंसात ‘मयत’, एकापुढे ‘लावल्द’, म्हणजे मागे वारस न ठेवता गेलेला. एवढ्या एका शब्दाखाली किती गोष्टी गाडलेल्या असतात! त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली असेल, दुसरी केली असेल, तिची दोन मुलं देवीने किंवा पटकीने गेली असतील. त्या दोन बायकांचं दुःख या कागदात कुठे आहे? जातीचा दाखला पितृकुलावर मिळतो, म्हणून कागदाने पितृकुलच धरलं. त्या कामापुरतं ते बरोबर आहे. पण याच कागदावर ‘आमच्या घराण्याचं मन’ वाचायला बसलं की हिशेब फसतो.

तो हिशेब करून पाहा. आपल्याला आईबाप दोन, आजे-आज्या चार, पणजे-पणज्या आठ, त्यावरच्या पिढीत सोळा. या सोळांपैकी पितृकुलाच्या वंशावळीत नाव असतं एकाचं. उरलेल्या पंधरा जणांचं रक्तही तितकंच आपलं आहे. पंधरा साक्षीदार बाहेर बसवून एकाच्या जबानीवर निकाल द्यायचा, असं हे वाचन आहे. तो एक पूर्वज तापट होता म्हणून मी तापट, असं म्हणणाऱ्याने उरलेल्या पंधरांतले किती शांत होते हे आधी सांगावं.

आपल्या भागात गुंता आणखी आहे. मामाच्या मुलीशी लग्न ही मराठवाड्यात मान्य आणि हवीशी वाटणारी रीत होती. कितीतरी समाजांत आजही आहे. देगलूर, बिलोली, उदगीर, निलंगा या तेलुगू-कन्नड सीमेवरच्या पट्ट्यात तर जास्तच. इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या आपल्या भारतीय नातेसंबंधांवरच्या ग्रंथात उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला पट्टा म्हणून महाराष्ट्राचा जो विचार केला, त्यात ही रीत ठळकपणे येते. अशा लग्नातून झालेल्या मुलाला पणजे-पणज्या आठ नसतात, सहाच असतात. पण मोजणीपेक्षा मोठी गोष्ट घरात घडते. नव्या सुनेची सासू तिची सख्खी आत्या असते. चुलीपाशी एकामागून एक दोन पिढ्या एकाच माहेराच्या बायका उभ्या राहतात. कमी बोलायचं की तोंडावर बोलायचं, रुसवा किती दिवस धरायचा, पाहुण्यासमोर रडायचं की आत जाऊन, हे सगळं त्या माहेराचं. मुलं त्यांच्या मांडीवर वाढतात. मग चाळीस वर्षांनी घरातला कुणी म्हणतो, ‘आम्हा पाटलांचा स्वभावच असा.’ पाटलांचा कसला? आजी आणि आई जिथून आल्या त्या मामाच्या वाड्याचा तो स्वभाव, आणि त्या वाड्यातलं एकही नाव पाटलांच्या वंशावळीत नाही.

रक्ताच्या सिद्धांताला याहून थेट उत्तर दूरच्या घरातून आलेली सून देते. तिचं या घराशी रक्ताचं काहीच नातं नसतं. लग्नानंतर दोन-चार वर्षांत ती या घराची भीती शिकते: सासरे जेवायला बसले की कुणी मोठ्याने बोलायचं नाही, अमक्या चुलत्याचं नाव काढायचं नाही, सहीचा कागद दिसला की आधी नाही म्हणायचं. पुढे हेच ती आपल्या मुलांना शिकवते. दत्तक मुलाचंही तेच. मराठवाड्यातल्या वतनदार घराण्यांत वतन टिकवायला दत्तक घेतले जात, आणि वंशावळीत ते पोटच्या मुलासारखे लिहिले जात. रक्त तिथे तुटलं तरी घराची चाल तुटली नाही. मग ती चाल रक्तातून येत होती, हे म्हणणं टिकत नाही.

पितृदोष मानणाऱ्यांना मला त्यांच्याच विधीतली एक गोष्ट सांगावीशी वाटते. श्राद्धात बाप, आजा, पणजा एवढ्यांनाच बोलावत नाहीत. आई, आजी, पणजी यांची वेगळी त्रयी असते आणि आईच्या वडिलांकडची सपत्नीक त्रयीही असते. महालयात तर चुलता, मामा, आत्या, मावशी, सासरा, गुरू आणि आप्तही येतात. ज्यांनी हा विधी रचला त्यांनी माणूस कुणाकुणाचा बनलेला असतो याचा विचार आजच्या पितृदोषाच्या जाहिरातींपेक्षा कितीतरी मोठा केला होता. त्यात मामाला जागा आहे, सासऱ्याला आहे, रक्ताच्या बाहेरच्या गुरूलाही आहे.

रक्ताच्या सिद्धांताचा खरा कस लागतो तो शेजारच्या घरात.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती पोचवून माणसं थकून झोपलेली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांतली घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर लाकडी माळवद आणि त्यावर वर्षानुवर्षं टाकलेल्या मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच घर त्या पहाटे अंगावर आलं. सरकारी आकड्यानुसार आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. पक्की घरं मिळाली, तरी कितीतरी कुटुंबं शेजारी पत्र्याचं शेड घालून त्यातच झोपत राहिली. भिंतीची आणि डोक्यावरच्या छताची भीती अंगात भिनली होती.

त्या शेडांत कोण होतं? लिंगायत होते, मराठा होते, मांग-महार होते, मुसलमान होते. यांच्या वंशावळी सात पिढ्या वर नेल्या तरी एकमेकींना भेटायच्या नाहीत. भीती मात्र एकच होती. आणि याच घरांचे जे भाऊबंद १९९३ च्या आधीच पुण्याला कारखान्यात लागले होते, त्यांचं रक्त तेच असूनही ते चौथ्या मजल्यावर निवांत झोपत होते. रक्त वेगळं, जागा एक. रक्त एक, जागा वेगळी. निसर्गाने क्रूरपणे मांडलेला हा प्रयोग आहे आणि त्याचं उत्तर स्वच्छ आहे. त्या घरांत नंतर जन्मलेल्या मुलाला बंद खोलीत घाबरायला होत असेल, तर ती भीती त्याला आईच्या झोपेतून मिळाली आहे, पत्र्याखाली घालवलेल्या बालपणातून मिळाली आहे. पणजोबा तिथे येतच नाहीत.

१९४८ चं तसंच. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या माणसांच्या धाकाने नांदेड-लातूरकडची कितीतरी कुटुंबं घरदार सोडून वऱ्हाडात, सोलापूरकडे गेली. मग १३ ते १७ सप्टेंबरच्या पोलीस कारवाईनंतर बदला सुरू झाला, त्यात मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला, आणि सर्वांत जास्त हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बीदरसोबत नांदेडचं नाव घेतलं. तो अहवाल लोकांसमोर यायला २०१३ उजाडलं. म्हणजे दोन पिढ्यांनी या गोष्टी एक तर कुजबुजत सांगितल्या किंवा सांगितल्याच नाहीत. एका घरात दिवस मावळला की दार लागायचं. त्याच गल्लीतल्या दुसऱ्या घरात थोरल्या चुलत्याबद्दल विचारलं की आजी उठून आत जायची. दोन धर्म, दोन कुळं, आणि गाव एकच. १९७८ च्या जुलैत विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, त्यानंतरच्या दंगलीत नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले, दलितांची घरं जळाली. ज्या कुटुंबांनी तेव्हा गाव सोडून शहर गाठलं, त्यांच्या नातवंडांना गावच्या जत्रेला जावंसं वाटत नसेल, तर ती कुळाची उदासी नव्हे. ती दुसऱ्यांनी केलेल्या अन्यायाची आठवण आहे. तिला ‘वारशाने आलेली भावना’ म्हणणं म्हणजे करणाऱ्यांना मोकळं सोडणं आहे. रक्ताच्या सिद्धांतावर माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच.

तारखांच्या योगायोगाबद्दल थोडक्यात. आजोबा ज्या महिन्यात गेले त्याच महिन्यात नातू आजारी पडला, असं दाखवणारे नकाशे कार्यशाळांत मांडले जातात. चार पिढ्यांत तीस पूर्वज, त्यांची भावंडं, प्रत्येकाचे जन्म, लग्न, मृत्यू: एवढ्या शेकडो तारखांत दोन जुळणं नवलाचं नाही. एकही जुळली नसती तर नवल होतं.

मग आनुवंशिकता खोटी का? अजिबात नाही. तीव्र नैराश्य, बायपोलर, स्किझोफ्रेनिया यांत जनुकांचा वाटा आहे, आणि तो जुळ्यांच्या अभ्यासांतून पक्का झाला आहे. घरात आधी कुणी आत्महत्या केली असेल तर डॉक्टर ते मुद्दाम विचारतात, आणि विचारायलाच हवं. पण हा वाटा शक्यतेचा असतो. आजोबांची गोष्ट जशीच्या तशी नातवात पुन्हा घडवण्याचं काम जनुकं करत नाहीत. आणि आजार असेल तर त्याला औषध आहे. पितृदोष म्हणून वर्ष घालवलेला किंवा कार्यशाळेत पूर्वजाला माफ करून परतलेला रुग्ण मला जास्त भिववतो, कारण त्याचं ते वर्ष उपचाराविना गेलेलं असतं.

तर वंशावळ वाचावी कशी? आडवी. प्रत्येक नावासमोर त्या माणसाचं वय लिहा: १९४८ साली किती, १९७२ साली किती, १९९३ साली किती. एवढ्याने चित्र पालटतं. समजा एका घरात बाप भाकरीचा तुकडा वाया गेला की ताटावरून उठतो, आरडाओरडा करतो. त्याचा बापही तसाच होता. उभी वंशावळ म्हणेल, रक्तच तापट. आडवी सांगेल की १९७२ च्या दुष्काळात हा आठ वर्षांचा होता. त्याची आई कामावर खडी फोडायला जायची, घरात मिलो शिजायची, आणि पेवातली ज्वारी आधीच्या वर्षीच संपली होती. शेजारचा त्याच्याच वयाचा माणूस आजही शिळी भाकर टाकू देत नाही, आणि त्याचं आडनाव वेगळं आहे. राग तोच राहील, पण मुलाला आता बापाशी बोलता येईल. ‘तुम्ही तेव्हा काय खाल्लं?’ असं विचारता येईल. ‘तुमचं रक्तच तसलं’ या वाक्यापुढे बोलणं होत नाही.

कागद लागतीलच. ते विखुरलेले आहेत. उदगीर, अहमदपूर, निलंगा १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. नांदेडचा मुधोळ तालुका तेव्हा आदिलाबादला गेला. लातूर जिल्हा तर १९८२ चा. कोतवाल बुकात मृत्यूचं कारण दिलं असेल तिथे ते जरूर उतरवून घ्या, एका आठवड्यात गावात किती गेले हेही पाहा. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कोण, कुठल्या गावचं, कुणासोबत आलं हे मिळू शकतं. पण भावनांची नोंद यांपैकी कशात नाही. ती बायकांच्या तोंडी होती. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. माहेर, भाऊ, सासुरवास, दुष्काळ, मेलेलं मूल, सगळं त्यांत आहे. आपल्या समाजाच्या मनाचं दफ्तर कुठे असेल तर ते तिथे आहे, आणि त्यातल्या बहुतेकींचं नाव कुठल्याही वंशावळीत नाही.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. दाखल्यासाठी केलेली वंशावळ घरात असेल तर तिची एक झेरॉक्स काढा आणि प्रत्येक पुरुषाच्या नावाशेजारी त्याच्या बायकोचं नाव, तिचं माहेरचं गाव आणि वाचली-न वाचलेली सगळी मुलं लिहा. घरातल्या सर्वांत थोरल्या आत्याजवळ किंवा आजीजवळ बसा, आणि तिला आपल्या घराबरोबर शेजारच्या घराचंही विचारा. घरात कुणाची झोप, भूक, जगण्याची इच्छा गेली असेल तर वंशावळ बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा; टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मराठीतही बोलतो. अभिलेख कक्षातली नोंद पुढच्या वर्षीही मिळेल. ऐंशी ओलांडलेली आत्या असेलच असं नाही, तिच्याकडे आधी जा.